संशोधन प्रकल्पातून खरोखर कामाला येणारे धडे कसे काढायचे

अंतिम अहवालात शेवटाकडे एक प्रकरण असतं: "शिकलेले धडे". बहुतेक वेळा ते अहवाल पाठवायच्या आदल्या रात्री लिहिलेलं असतं. "संघात सुसंवाद असावा." "नियोजन वेळेत सुरू करावं." "भागीदारांना सुरुवातीपासून सामील करून घ्यावं." ही वाक्यं एकदा उलटी करून बघा. "संघात विसंवाद असावा" असं म्हणणारा माणूस कुठे भेटेल? ज्याच्या विरोधात कुणीच बोलणार नाही असं वाक्य लिहायला तीन वर्षांचा प्रकल्प कशाला हवा होता?

गंमत अशी की हीच माणसं निष्कर्ष लिहिताना काटेकोर असतात. नमुना केवढा, त्रुटी किती, दुसरं काही स्पष्टीकरण संभवतं का, हे सगळं तिथे विचारलं जातं. धड्यांपाशी आलं की शिस्त गळून पडते. धडा हाही दावाच असतो: अमुक परिस्थितीत अमुक केल्यामुळे तमुक झालं, म्हणून पुढच्या वेळी असं करा. त्याला निष्कर्षाइतकाच पुरावा मागायचा. पुढची रीत त्यासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. बैठक आधी आणि कागद नंतर, असं केलं की पुढचं सगळं बिघडतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक प्रकल्प सोबत घेऊ. ६०० कुटुंबांचं सर्वेक्षण. पहिली फेरी झाल्यावर वर्षभराने त्याच कुटुंबांकडे परत जायचं. सहा मुलाखतकार, प्रत्येकाकडे १०० कुटुंबं. दुसऱ्या फेरीत ४३८ कुटुंबं सापडली, १६२ सापडली नाहीत.

टप्पा १: प्रकल्प सुरू होतानाच तीन नोंदी उघडा

धडे काढायचं काम प्रकल्पाच्या शेवटी सुरू होत नाही. शेवटी ते फक्त लिहून होतं. पहिल्या महिन्यातच तीन साध्या फाइली उघडून ठेवा.

पहिली, अपेक्षांची. काय होईल असं वाटतंय आणि कशाच्या आधारावर, ते आकड्यासकट लिहा. आपल्या प्रकल्पात नोंद अशी होती: "दुसऱ्या फेरीत किमान ८५ टक्के कुटुंबं सापडतील, आधीच्या अशाच कामावरून." ही ओळ नसती, तर ७३ टक्के हा आकडा चांगला की वाईट यावरच बैठकीतला अर्धा तास गेला असता.

दुसरी, निर्णयांची. तारीख, समोर कोणते पर्याय होते, त्या दिवशी काय माहीत होतं, काय ठरलं, कुणी ठरवलं. पाच ओळी पुरतात. ही फाइल कंटाळवाणी वाटते आणि शेवटी सगळ्यात जास्त उपयोगी पडते. त्याचं कारण आपल्या स्मरणशक्तीत आहे. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगातून दाखवलं की घटनेचा शेवट सांगितला की लोकांना तोच शेवट आधीपासून जास्त संभाव्य होता असं वाटू लागतं आणि हा परिणाम त्यांच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. "हे होणारच होतं, मला तेव्हाच कळलं होतं" म्हणणारा सहकारी खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं आठवत असतं. त्यावर इलाज एकच, तेव्हाचा कागद.

तिसरी, खटकलेल्या गोष्टींची. कुणालाही काहीही विचित्र दिसलं की एक ओळ. स्पष्टीकरण मागायचं नाही, पुरावा मागायचा नाही. फक्त तारीख आणि काय खटकलं ते.

प्रकल्प संपून गेलाय आणि यातलं काहीच नाही? ईमेल, बैठकांची टिपणं, प्रश्नावलीच्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्या, प्रवासखर्चाची बिलं यांवरून जेवढं जुळवता येईल तेवढं जुळवा. पण त्यावर ठळकपणे लिहा: "मागाहून जुळवलेलं". अशा नोंदीवर उभा असलेला धडा पुढे पुराव्याच्या प्रतीत एक पायरी खाली उतरतो.

*तपासणी: आज प्रकल्पप्रमुख बदलले, तर नव्या माणसाला या तीन फाइलींवरून मोठे निर्णय का घेतले गेले हे कळेल का?*

टप्पा २: धडा कुणासाठी, ते नाव घेऊन ठरवा

"सर्व संबंधितांसाठी" म्हणजे कुणासाठीच नाही. भूमिका सांगा: क्षेत्रकामाचा पर्यवेक्षक, अंदाजपत्रक करणारी व्यक्ती, नैतिकता समितीकडे अर्ज पाठवणारा संशोधक, निधी देणारी संस्था. प्रत्येकासमोर लिहा, ही व्यक्ती कोणता निर्णय घेणार आहे आणि केव्हा. निर्णयाची वेळ टळून गेल्यावर हातात पडलेला धडा कितीही पक्का असला तरी निरुपयोगी.

मग विषय निवडा. तीन-चार, जास्त नाही. निवडायची कसोटी सोपी आहे: अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जिथे मोठं अंतर पडलं तिथे थांबायचं. अंतर दोन्ही दिशांनी बघा. अपेक्षेपेक्षा फार चांगलं झालं असेल, तर तेही तपासायला हवं, कारण ते कौशल्यामुळे झालं की नशिबाने, हे कुणालाच माहीत नसतं. थोडक्यात निभावलेले प्रसंगही यात घ्या. बॅकअप नसलेला लॅपटॉप हरवला आणि दोन दिवसांनी सापडला, यातून धडा निघतो. सापडला म्हणून तो सोडून द्यायचा नसतो.

टप्पा ३: आधी घटनाक्रम, मतं नंतर

एक लांबलचक तक्ता करा. रकाने तीन: तारीख, काय घडलं, हे कशावरून कळलं. मत नको, विशेषण नको. "प्रशिक्षण घाईत उरकलं" असं लिहायचं नाही. "दोन मुलाखतकार १६ दिवसांनी रुजू झाले, त्यांचं प्रशिक्षण एक दिवसाचं, बाकी चौघांचं तीन दिवसांचं, आधार: हजेरीपट" असं लिहायचं.

हे काम एकाच व्यक्तीने करावं आणि ती व्यक्ती शक्यतो त्या निर्णयांत नसलेली असावी. तक्ता झाला की संघातल्या सगळ्यांना पाठवा. प्रश्न एवढाच विचारा: "यात चुकीचं किंवा सुटलेलं काय आहे?" कारणांवर चर्चा सुरू झाली तर थांबवा. घटनांवर एकमत होण्याआधी कारणांवर वाद घातला की प्रत्येकजण आपापल्या कारणाला सोयीच्या घटना आठवू लागतो.

*इशारा: तक्त्यात मोकळ्या जागा दिसतील. त्या अंदाजाने भरू नका. "मार्च ते मे या काळाची नोंद नाही" ही स्वतःच एक महत्त्वाची नोंद आहे.*

टप्पा ४: एकेकट्याशी बोला, बैठक त्यानंतर

अनेक ठिकाणी थेट बैठकच बोलावली जाते. चहा येतो, फळ्यावर "काय चांगलं झालं" आणि "काय सुधारता येईल" असे दोन रकाने आखले जातात आणि तासाभरात पंचवीस चिकटचिठ्ठ्या जमतात. त्यातून कळतं ते एवढंच, की लोकांना सगळ्यांसमोर काय बोलणं सुरक्षित वाटतं.

आधी एकेकट्याशी अर्धा-पाऊण तास बोला. मधेच सोडून गेलेल्यांना फोन करा, ते बरंच मोकळं बोलतात. डेटा भरणारे, हिशेब ठेवणारे, वाहनाची व्यवस्था बघणारे यांना वगळू नका. "तुम्ही काय शिकलात?" हा प्रश्न विचारू नका, त्याला भाषणच उत्तर म्हणून येतं. घटनाक्रमातली एक तारीख समोर ठेवा आणि विचारा: "त्या दिवशी तुमच्यासमोर नेमकं काय होतं? तेव्हा काय माहीत नव्हतं? दुसरं काय करता आलं असतं?"

बोलण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करा: सांगितलेलं कुणाच्या नावाने छापलं जाणार नाही आणि याचा कामगिरीच्या मूल्यमापनाशी संबंध नाही. दुसरी गोष्ट तुमच्या हातात नसेल, तर तसं आश्वासन देऊ नका. एकदा मोडलेला शब्द पुढच्या पाच प्रकल्पांना पुरतो.

बैठक मग घ्या, दीड तासाची. अमेरिकी लष्करातल्या कृतीनंतरच्या आढाव्यात चार साधे प्रश्न असतात: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय टिकवायचं आणि काय बदलायचं. संशोधन प्रकल्पालाही ते नीट बसतात. पहिले दोन तर तुम्ही टप्पा १ आणि ३ मध्ये सोडवूनच ठेवलेत, त्यामुळे बैठकीचा सगळा वेळ तिसऱ्याला देता येतो.

बोलण्याचा क्रम महत्त्वाचा: सगळ्यात कनिष्ठ आधी, प्रमुख सगळ्यात शेवटी. मी एकदा सभ्यपणा म्हणून प्रमुखांना आधी बोलू दिलं. त्यांनी सांगितलं, "मूळ अडचण मंजुरीला झालेल्या उशिराची." नंतरच्या सात जणांनी तेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. बाहेर पडताना जिन्यात एक संशोधन साहाय्यक हळूच म्हणाली, "मंजुरी आली तेव्हा प्रश्नावली तरी कुठे तयार होती?" दीड तासाच्या बैठकीत मिळालं नाही ते जिन्यात मिळालं. तेही मी नशिबाने तिथे होतो म्हणून.

टप्पा ५: कारण तपासा, आवडलेल्या कारणावर थांबू नका

घाई याच टप्प्यावर होते. म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

आपल्या प्रकल्पात सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: "लोक स्थलांतरित झाले, आपण काय करणार?" हे पटण्यासारखं आहे. कुणालाही दोष लागत नाही, त्यामुळे ते आणखीच पटतं. अशा कारणाकडे जास्त संशयाने बघायचं. स्वतःला विचारायचं: हे खरं असेल, तर डेटात आणखी काय दिसायला हवं?

स्थलांतर हेच कारण असेल, तर न सापडलेली कुटुंबं सहाही मुलाखतकारांकडे साधारण सारखी असायला हवीत. मोजलं तर १६२ पैकी ९७ दोघांकडचीच. म्हणजे त्या दोघांच्या २०० कुटुंबांपैकी जवळजवळ निम्मी गेली. उरलेल्या चौघांच्या ४०० पैकी ६५, म्हणजे सुमारे १६ टक्के.

मग दुसरं स्पष्टीकरण आलं: "त्या दोघांकडच्या वस्त्याच तशा होत्या." तेही तपासता येतं. ज्या वस्त्यांत त्या दोघांपैकी कुणीतरी आणि बाकीच्यांपैकीही कुणीतरी गेलं होतं, तेवढ्याच वस्त्या वेगळ्या काढून बघितल्या. फरक तिथेही तसाच होता. वस्ती हे कारण नव्हे.

आता न सापडण्याचं कारण काय नोंदवलंय ते बघू. दोघांच्या ९७ पैकी ७१ कुटुंबांपुढे शेरा होता "फोन नंबर चुकीचा किंवा अस्तित्वात नाही". चौघांच्या ६५ पैकी असा शेरा फक्त १८ ठिकाणी. चुकीचे नंबर बाजूला काढले तर उरतात दोघांचे २६, म्हणजे १३ टक्के, आणि चौघांचे ४७, म्हणजे सुमारे १२ टक्के. म्हणजे स्थलांतर, नकार वगैरे सगळ्यांकडे सारखंच होतं. जास्तीचं नुकसान झालं ते चुकीच्या नंबरांमुळे.

"म्हणजे ते दोघे निष्काळजी होते" या वळणावर पाय हमखास घसरतो. हाही दावाच आहे, त्यालाही पुरावा लागतो. निष्काळजी असते तर त्यांच्या बाकी प्रश्नावलीतही रिकाम्या जागा जास्त असत्या. तशा त्या नव्हत्या. मग हजेरीपट उघडला. दोघेही मागाहून रुजू झालेले, एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलेले, आणि संपर्कपत्रक, म्हणजे कुटुंबाचे फोन नंबर नोंदवायचा फॉर्म, शिकवलं गेलं होतं तिसऱ्या दिवशी. ते या दोघांना कधी शिकवलंच गेलं नाही. शिवाय फॉर्ममध्ये दुसरा नंबर ऐच्छिक होता आणि पहिला लावून बघायची सोयच नव्हती.

हे करताना सांभाळायच्या काही गोष्टी.

"का?" पाच वेळा विचारायची टोयोटाची पद्धत सुरुवातीला बरी आहे, पण ती एकाच धाग्याने खाली जाते. संशोधन प्रकल्पातल्या अडचणींना बहुतेकदा दोन-तीन धागे असतात. प्रत्येक "का"ला किमान दोन उत्तरं लिहून दोन्ही तपासा. पाचव्या "का"ला उत्तर "संस्थेची मानसिकता" असं आलं, तर तुम्ही तपासता येण्याजोग्या जमिनीखाली गेलात. एक पायरी वर या.

ठळक चूक सापडली की तिथेच थांबण्याचा मोह होतो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताना नष्ट झालं. एका संगणक प्रणालीने बलाच्या परिणामाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि पुढच्या प्रणालीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक ४.४५ पटींचा. बहुतेकांना ही गोष्ट एवढीच माहीत असते आणि "एकके तपासा" हा धडाही. पण चौकशी मंडळाने या मूळ कारणाखेरीज पूरक कारणंही नोंदवली. आकडे जुळत नाहीत हे मार्ग ठरवणाऱ्या काही जणांच्या लक्षात आलं होतं. ती शंका अनौपचारिक बोलण्यातच राहिली, अडचणी नोंदवायच्या ठरलेल्या पद्धतीत ती पोहोचली नाही. दुसऱ्या संस्थेला कोणता धडा जास्त उपयोगी पडेल? एककांचा धडा एककांपुरता आहे. शंका कुठे नोंदवायची आणि ती नोंदवल्यावर पुढे कोण बघणार, हा धडा प्रत्येक प्रकल्पाला लागू होतो. टप्पा १ मधली तिसरी फाइल त्यासाठीच आहे.

*तपासणी: तुमचं कारण खोटं ठरवू शकेल असा निदान एक पुरावा तुम्ही शोधलात का? शोधला नसेल, तर तुमच्या हातात अजून मतच आहे.*

टप्पा ६: धडा लिहा, पण एका वाक्यात नको

एक वाक्य शीर्षकाला ठीक. खाली सहा गोष्टी हव्यात: परिस्थिती, काय झालं, का झालं, पुढे काय करायचं, त्याची किंमत, आणि हे कुठे लागू नाही. शेवटच्या दोन हमखास सुटतात.

पहिला मसुदा असा होता: "सहभागींची संपर्क माहिती काळजीपूर्वक घ्यावी."

उलटून बघा. "निष्काळजीपणे घ्यावी" असं कुणी म्हणेल का? नाही. म्हणून हा बाद.

दुसरा मसुदा:

"परिस्थिती: काही महिन्यांनी त्याच कुटुंबाकडे परत जायचं असलेलं, फोनवर संपर्क ठेवणारं सर्वेक्षण, ज्यात काही मुलाखतकार मागाहून रुजू होतात.

काय झालं: ६०० पैकी १६२ कुटुंबं सापडली नाहीत. मागाहून आलेल्या दोघांकडे हे प्रमाण बाकीच्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. जास्तीची जवळपास सगळी कुटुंबं चुकीच्या नंबरामुळे हुकली.

का: छोट्या प्रशिक्षणात संपर्कपत्रक वगळलं गेलं. फॉर्ममध्ये नंबर तपासायची पायरी नव्हती.

काय करायचं: मुलाखत संपताना दिलेला नंबर तिथेच लावून बघायचा. दुसरा नंबर सक्तीचा. नसेल तर 'नाही' ही नोंद सक्तीची. मागाहून येणाऱ्यांच्या प्रशिक्षणात संपर्कपत्रक पहिल्या तासात.

किंमत: दर कुटुंबामागे सुमारे दोन मिनिटं, ६०० कुटुंबांना २० तास.

लागू नाही: थोड्या दिवसांतच परत जायचं असेल, किंवा मुलाखतकार त्याच वस्तीत राहत असेल आणि कुटुंबांना ओळखत असेल, तर."

किंमत का लिहायची? कारण वाचणारा पर्यवेक्षक मनात तोच हिशेब करत असतो. तुम्ही लिहिली नाही, तर तो ती जास्तच धरतो. आणि कधीकधी किंमत लिहिताना आपल्यालाच कळतं की या धड्यापेक्षा ती चूक स्वस्त होती. तसं असेल तर तो धडा सोडून द्या.

भाषेबद्दल थोडं. "असावं", "व्हावं", "गरजेचं आहे" या क्रियापदांमागे कर्ता लपतो. कोण करणार ते वाक्यात आलंच पाहिजे. "क्षमता बांधणी", "समन्वय", "सक्षमीकरण" हे शब्द आले की तिथे थांबून विचारा: सोमवारी सकाळी कोण काय वेगळं करणार? उत्तर नसेल, तर तो धडा अजून लिहायचा बाकी आहे.

टप्पा ७: पुराव्याची प्रत लावा आणि बाहेरच्याकडून फाडून घ्या

सगळे धडे सारख्या वजनाचे नसतात, पण यादीत सारखे दिसतात. म्हणून प्रत्येकापुढे प्रत लिहा. मी तीनच ठेवतो.

"पक्का": नोंदी, आकडे आणि मुलाखती अशा निदान दोन स्वतंत्र प्रकारच्या पुराव्यांनी तेच दाखवलं, पर्यायी कारणं तपासून बाद केली, आणि दुसऱ्या एखाद्या प्रकल्पातही तसंच दिसलं. "संभाव्य": एकाच प्रकल्पात, पण पुरावा तपासलेला. "शंका": काही अनुभवी माणसांचं मत, तपासलेलं नाही. मूल्यमापन क्षेत्रातले मायकेल क्विन पॅटन यांचाही आग्रह असाच राहिला आहे, की ज्या धड्याला वेगवेगळ्या प्रकारच्या स्रोतांचा आधार आहे त्यालाच दर्जेदार म्हणावं.

आपला फोन नंबरचा धडा यात "संभाव्य"मध्ये बसतो. आकडे चांगले आहेत, पण प्रकल्प एकच आणि मुलाखतकार दोनच. "पक्का" लिहायला हात शिवशिवतो. लिहू नका. "शंका" वर्गातले धडे फेकायचेही नाहीत. त्यांच्याखाली लिहायचं, पुढच्या प्रकल्पात काय मोजलं तर हे कळेल.

मग प्रकल्पाबाहेरच्या एका माणसाला द्या. स्तुती करणारा नको, कामाची जाण असलेला हवा. त्याला तीन प्रश्न सोडवायला सांगा: हेच घडायला दुसरं काय कारण असू शकेल? माझ्या प्रकल्पात हे का चालणार नाही? आणि यावरून मी नेमकं काय बदलू? तिसऱ्याचं उत्तर त्याला एका मिनिटात देता आलं नाही, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

*इशारा: धड्यातून माणूस ओळखू येतो का, ते याच वेळी बघा. सहा जणांच्या संघात "मागाहून आलेले दोघे" म्हणजे कोण, हे आतल्या सगळ्यांना कळतं. बाहेर जाणाऱ्या प्रतीत आकडे एकत्र करा आणि मजकूर त्या दोघांना आधी दाखवा. त्यांना शेवटी समजलं, तर पुढच्या वेळी तुमच्याशी खरं कुणी बोलणार नाही.*

टप्पा ८: धडा जिथे वापरला जाईल तिथे नेऊन बसवा

धड्यांचं भांडार हा आवडता उपाय असतो. एक पोर्टल, त्यात शोधायची सोय, सुरुवातीला उत्साहाने भरलेल्या चाळीस नोंदी. पुढे त्यात कुणी फिरकत नाही. नासाकडे अशी व्यवस्थित माहितीप्रणाली होती. तरीही २००२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिलं की तिथे धडे नियमितपणे गोळाही होत नाहीत आणि प्रकल्प व्यवस्थापकांपर्यंत पोहोचतही नाहीत. रॉकेट उडवणाऱ्यांची ही गत, तर आपल्या सामायिक फोल्डरकडून काय अपेक्षा ठेवायची?

माणूस धडा शोधायला येत नाही, तो फॉर्म भरायला येतो. म्हणून धडा फॉर्ममध्ये घाला. आपल्या उदाहरणात बदल तीनच: संपर्कपत्रकाच्या नमुन्यात "नंबर लावून बघितला: हो / नाही" हा सक्तीचा रकाना, मागाहून रुजू होणाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात पहिल्या तासाला संपर्कपत्रक, आणि अंदाजपत्रकाच्या साच्यात ते २० तास. प्रत्येक बदलापुढे एका माणसाची भूमिका आणि तारीख. "संघ" हा मालक होऊ शकत नाही.

कुठल्याच फॉर्ममध्ये, साच्यात, तपासणी यादीत किंवा करारात बसत नाहीत असे काही धडे उरतात, बहुतेकदा निर्णय कसा घ्यावा याबद्दलचे. त्यांच्यासाठी नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत २० मिनिटं राखा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची मृत्युपूर्व तपासणीची युक्ती तिथे चांगली लागू पडते: "समजा प्रकल्प फसलाय; का फसला ते प्रत्येकाने लिहा." लिहून झालं की जुन्या धड्यांचा कागद बाहेर काढा. उलट क्रमाने केलं, तर लोक कागदावरचंच परत लिहून देतात.

टप्पा ९: तारीख टाकून परत बघा

धड्याचा मसुदा झाला त्याच दिवशी तपासणीची तारीख लिहा. पुढच्या प्रकल्पाची दुसरी फेरी संपेल तेव्हा तीन गोष्टी बघायच्या: रकाना खरंच भरला गेला का, की सगळीकडे डोळे मिटून "हो" आहे; चुकीच्या नंबरांचं प्रमाण उतरलं का; आणि आपण धरलेली दोन मिनिटं प्रत्यक्षात किती झाली. प्रमाण उतरलं, तर "संभाव्य"चा "पक्का" करा. नाही उतरलं, तर टप्पा ५ वर परत जा, कारण कुठेतरी चुकलंय. जग बदललं आणि लोक फोनऐवजी दुसऱ्याच साधनाने संपर्कात राहू लागले, तर धडा रद्द करा. शेजारी "रद्द, अमुक कारणाने, अमुक तारखेला" असं लिहून ठेवा. पुसून टाकू नका, नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी तोच धडा नव्या उत्साहाने परत काढेल.

वेळेचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून शेवटी तोही हिशेब. मध्यम आकाराच्या प्रकल्पात माझा अनुभव असा: नोंदींना आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं, घटनाक्रमाला दोन दिवस, आठ-दहा जणांशी बोलायला आणि टिपणं नीट करायला चार दिवस, कारणं तपासायला तीन-चार दिवस, लिहायला आणि बाहेरच्याकडून तपासून घ्यायला तीन. नोंदी सोडून एकूण साधारण अडीच आठवडे एका माणसाचे. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच वेगळ्या ओळीत ते मागा. मागितले नाहीत, तर ते अहवालाच्या आदल्या रात्रीतून कापले जातात.